देवयानीचे शेजारी
(वार्षिक उत्सवातील महाजन-मेळाव्यापुढे केलेले भाषण)



आपणापुढे बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. खाणीतील नोकरीनिमित्त वडील बालाघाटला गेले आणि आम्ही वैनगंगाकाठचेच झालो. वर्षातून एकदा श्रींच्या दर्शनाला येणाऱ्या या महाजनाला तेथे एक छंद जडला. त्याविषयी चार शब्द सांगून शेवटी एक विनंती करणार आहे.

कार्तिक-मार्गशीर्षात रात्रीच्या पहिल्या प्रहरी भाद्रपदा नक्षत्रांचा चौकोन माथ्यावर असतो. त्याच्या ईशान्येस, आकाश काळोखे असेल तर, ढगाच्या पुंजक्यासारखा एक पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचावयास सुमारे २५ लाख वर्षे लागतात. २९ डिसेंबर १८८८ रोजी इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी तिचे दीर्घकाळ प्रकाश साठविलेले छायाचित्र घेतले, आणि त्या पुंजक्यातील सर्पिल वळणे प्रथमच स्पष्ट झाली. तरीही ती आपल्याच आकाशगंगेत आहे, असे पुष्कळांना वाटे. १९२३ साली एडविन हबल यांना अशाच एका छायाचित्रात तिच्यातील एक रूपविकारी तारा सापडला. त्यावरून अंतर काढता आले आणि ती स्वतंत्र दीर्घिका ठरली.

हे वाचून मलाही तिचे छायाचित्र घ्यावेसे वाटले. बैहरच्या वाटेवर, जंगलालगत, अमावास्येच्या रात्री मी कॅमेरा मांडला. आकाश तासाला १५ अंश फिरते. म्हणून कॅमेऱ्यालाही त्याच गतीने फिरवावे लागते. त्यासाठी यंत्राचा आस ध्रुवाकडे रोखावयाचा. बालाघाटला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २२ अंशांवर. झाडीतून तो शोधण्यातच तास गेला. पहिल्या रात्री दवाने भिंग धुरकटले आणि सारे श्रम वाया गेले. दुसऱ्या खेपेस दोन-दोन मिनिटांची साठ छायाचित्रे घेतली व ती संगणकावर एकमेकांवर बसविली. तेव्हा सर्पिल भुजांवरील काळे पट्टे उमटले, आणि तिच्या दोन सोबती दीर्घिकाही दिसल्या. एक केंद्रालगत, फुगीर ताऱ्यासारखी. दुसरी थोडी दूर, लांबट. कोशात त्यांचे क्रमांक एम-३२ आणि एम-११०. डोळ्यांना एकटी वाटणारी देवयानी अशी गोतावळ्यासह प्रकटली. घरातील मुले ते चित्र पाहून गप्पच झाली.

या विद्येत आपली माणसेही मागे नाहीत. २०२५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतून एक अतिदूरची सर्पिल दीर्घिका शोधली व तिला 'अलकनंदा' हे नाव दिले. विश्व अवघे दीडशे कोटी वर्षांचे असतानाच तिच्या दोन भुजा सुरेख घडलेल्या होत्या. इतक्या लवकर अशी घडण होत नसावी, हा समज त्यामुळे डळमळला. वाटेतील आबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाने तिचा प्रकाश वाढवून आपल्यापर्यंत पोहोचविला. मध्ये उभा असलेला समूहच येथे भिंग झाला.

आता माझी विनंती. बालाघाट शहराचा उजेड दरवर्षी थोडा पुढे सरकतो आणि मला तितकेच दूर जावे लागते. येथे आपल्या देवळाच्या शिखरावरही आता रात्रभर विजेचे झोत असतात. भक्तिभावाने ते बसविले आहेत, हे मी जाणतो. देवळातील दिवे मालवणे अशुभ, असे कोणी म्हणेल; तेही मला मान्य आहे. नंदादीप तेवत राहो, दीपमाळेच्या पणत्या लागोत. परंतु शिखर ओलांडून आकाशात जाणारा प्रकाश ना श्रींच्या उपयोगी पडतो, ना वाटसरूच्या. तेव्हा कार्तिक वद्य पक्षातील एका रात्री, शेजारती झाल्यावर, दोन तास तेवढे झोत बंद ठेवावेत आणि प्राकारात आपल्या मुलांना देवयानी दाखवावी. दुर्बीण मी घेऊन येईन. कार्यकारी मंडळाने यावर विचार करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.