काळ्या लोकरीचे भवितव्य
(मनोरी येथील ज्ञातिमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मनोरीच्या किनाऱ्यावर मेंढरांचे वाडे नाहीत. तथापि आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊबंद आजही माणदेशात, फलटणकडे वा संगमनेरच्या माळावर कळप राखून आहेत. गावी नवा मेंढा घ्यावयाचा म्हणजे पैसा बहुधा मुंबईहून जातो. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडीत आहे.

दख्खनी मेंढीची लोकर काळी, पण जाड व केसाळ. मेरिनोचा तंतू सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. आपला त्याहून पुष्कळच जाड. तरी काळ्या लोकरीस रंग द्यावा लागत नाही, आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या त्याच सुतावर सनगर बंधूंचा माग चालतो. आज या लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटणे कठीण झाले आहे. त्यामुळे मांसासाठी अनेकांनी थोराड माडग्याळ मेंढा कळपात आणला. यात त्यांना दोष देता येणार नाही. परंतु त्या जातीच्या अंगावर घोंगडीजोगी लोकर नसते. आपण असेच चालू दिले, तर लोकर, रंग आणि माग ही तिन्ही एकदमच जातील.

मग मेरिनो वा रॅम्बुले मेंढा आणावा काय? राजस्थानात अविकानगर येथे १९६२ साली केंद्रीय संस्था स्थापन झाली व तेथे रॅम्बुले आणि मालपुरा यांच्या संकरातून 'अविकालीन' निपजली. मार्ग शक्य आहे. पण परदेशी पांढऱ्या रक्ताबरोबर आपला काळा रंग राहील काय, हे आधी जाणले पाहिजे.

मेंढ्यांत काळा रंग दोन प्रकारांनी येतो. एक प्रबळ काळा: आईबापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. दुसरा सुप्त काळा: तो दोघांकडून यावा लागतो, आणि पांढरा त्याला झाकतो. अशी सुप्त छटा बाळगणाऱ्या दोन पांढऱ्यांच्या पोटी सरासरीने चारांत एक कोकरू काळे निपजते. आपल्या कळपातील काळा कोणता, हे घरच्या घरी पाहता येते. काळा मेंढा व काळी मेंढी यांना पांढरे कोकरू झाले, तर तेथे प्रबळ काळा आहे असे समजावे. मात्र कळपात अनेक मेंढे एकत्र सोडलेले असल्यास बाप कोण हेच ठरत नाही. ती जोडी वेगळी राखली पाहिजे.

मऊपणाची निवड करताना तीन गोष्टी ध्यानात धराव्यात. जावळावरून मेंढा निवडू नये. कोकराची लोकर मऊच असते, म्हणून वर्ष उलटल्यावर खांदा, कूस व मांडी या तिन्ही ठिकाणी लोकर पाहावी. उपाशी मेंढीचा तंतूही बारीक होतो. तेव्हा एकाच कळपातील, एकाच वर्षाच्या जनावरांची तुलना करावी. उन्हाने काळ्या लोकरीची टोके तांबूस पडतात. रंग मुळाशी, लोकर फाकवून पाहावा. तंतूची जाडी बऱ्याच अंशी वंशाने उतरते, त्यामुळे अशी निवड व्यर्थ जात नाही.

बाहेरचा एखादा गुण घेऊनही आपली जात राखता येते, याचा पुरावा फलटणलाच आहे. निंबकर संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणला, आणि पुढे पुन्हा दख्खनीशी संबंध करून अंगलोट टिकविली. हीच 'नारी सुवर्णा'. या गुणाचे मूळ २००१ साली एका जनुकात सापडले, व आता रक्त तपासून तो ओळखता येतो.

कळपातील प्रत्येक कोकराचे अर्धे बीज मेंढ्याचे असते. म्हणून यापुढे गावी पैसे पाठविताना आपण दोन अटी घालाव्यात: प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला असावा, आणि कोणत्या मेंढ्याचे कोणते कोकरू, त्याचा रंग कोणता, लोकर कशी, याची वही घरातील शिकलेल्या मुलीने वा मुलाने ठेवावी. निवडीत न बसणारे मेंढे खच्ची करावेत, आणि राखलेला मेंढा त्याच्याच लेकींवर जाऊ नये म्हणून दोन वर्षांनी बदलावा. या कामास पिढ्या लागतील. पण आज नोंद न ठेवली, तर पुढील पिढीस निवडण्यासाठी काळी मेंढीच उरणार नाही.