गणिताचे भय आणि व्यवस्थापनाचे शिक्षण
(उज्जयिनी येथे केलेले भाषण)



कला शाखेची पदवी घेतलेली आपली कित्येक मुले येथून जवळच असलेल्या, १९९६ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या व्यवस्थापन संस्थेकडे केवळ गणिताच्या धास्तीने पाहतही नाहीत. ही धास्ती मला अनाठायी वाटते. प्रवेशासाठीच्या ‘कॅट’ परीक्षेतील गणित बहुतांशी शाळेतलेच: शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज, थोडे बीजगणित व भूमिती. परंपरा ज्यांचे नाव या नगरीशी जोडते, त्या भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’तही त्रैराशिक आणि व्याज आहेच. पोर्तुगीज शाळांत शिकलेले आमचे वडीलधारे त्या त्रैराशिकालाच ‘रेग्र द त्रेश’ म्हणत.

खरी अडचण प्रवेशानंतरची. तेथे संख्याशास्त्र व हिशेबशास्त्र आरंभीच पुढ्यात येतात आणि मागे राहिलेल्यासाठी वर्ग थांबत नाही. म्हणून मधल्या महिन्यांत सरासरी, प्रमाण विचलन, संभाव्यता आणि ताळेबंदाचे वाचन यांचा सराव करून घ्यावा. ताळेबंदासाठी दूर कशाला जावे? देवस्थानचा वार्षिक हिशेब सभेपुढे ठेवला जातो (आणि बहुधा न वाचताच संमत होतो!). त्याची प्रत मुलांच्या हाती द्या. जमा, खर्च, कायम ठेवी व त्यांवरील व्याज त्यांना स्वतः ताडून पाहू द्या. मेळ बसला नाही, तर त्यांनी खजिनदारांना खुशाल पत्र लिहावे.