घशात दात असलेला मासा

महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात मूठभर कुरमुरे टाकले, की काठाशी काळसर पाठींची झुंबड उडते. हा महासीर. देवीचे मासे म्हणून इथं त्यांना कुणी धरत नाही.

याच्या जबड्यात एकही दात नाही. आहेत ते घशात! जाड ओठांनी शंख-शिंपले, खेकडे ओढायचे आणि आत भरडायचे. पिल्लं शेवाळ नि किड्यांवर वाढतात. थोराड मासा पाण्यात पडलेलं उंबरसुद्धा सोडत नाही.

एवढा खादाड, पण वाढ सावकाश. तळ्यातला कटला मासा वर्षात किलोभर होतो. महासीरला त्याहून पुष्कळ जास्त काळ लागतो. कमी झालेले मासे लवकर भरून निघत नाहीत, म्हणून लोणावळ्याच्या वळवण इथं पिल्लं तयार करून पाण्यात सोडण्याचं काम 1970च्या दशकात सुरू झालं.