नेमिनाथांनी ऐकलेला आक्रोश



बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांची कथा समाजातील बालकांसही ठाऊक आहे. राजीमतीशी विवाहासाठी वरात निघाली असता वाटेत कोंडलेल्या पशुपक्ष्यांचा आक्रोश कुमारांच्या कानी आला. त्यांनी सारथ्यास कारण विचारले. वऱ्हाडाच्या भोजनासाठी हे प्राणी आणले आहेत, असे उत्तर मिळाले. अंगावरील अलंकार उतरवून त्यांनी सारथ्यास दिले आणि विवाहाकडे पाठ फिरवली. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात हा प्रसंग आला आहे.

यातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. वधाची आज्ञा कुमारांनी दिलेली नव्हती. केवळ आपल्या निमित्ताने जीव जाणार, एवढेच त्यांना पुरेसे झाले.

आज जैन विवाहात भोजनाचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न वस्त्राचा आहे. वधूची पैठणी, वराचा शेला, कित्येक घरी पूजेचे वस्त्रही रेशमाचे असते. अखंड धागा निघावा म्हणून कोषातील जीव बाहेर पडण्यापूर्वीच वाफेने किंवा गरम हवेने मारला जातो. पतंग बाहेर पडला तर कोषाला छिद्र पडते, धागा तुटतो आणि भाव उतरतो. एका साडीमागे असे हजारो कोष लागतात. जालन्यातच 2018 साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. कोरडवाहू शेतकऱ्यास तुतीने हात दिला, हेही खरे. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मागणी गिऱ्हाइकाची आहे.

आपल्या शास्त्रांनी पतंगास चतुरिंद्रिय मानले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. तथापि गाईसाठी गोशाळा उभी राहते, पाखरांना दाणे मिळतात, या जीवाची मात्र कोणी आठवण काढत नाही. तो ओरडत नाही, एवढाच त्याचा अपराध! पेढीवर गिऱ्हाईक पदर पाहते, काठ पाहते, जर अस्सल आहे का विचारते. धागा कसा निघाला, हे क्वचितच कोणी विचारते.

हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी 1990 च्या दशकात पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोषांपासून सूत कातून ‘अहिंसा रेशीम’ तयार केले. त्याची चकाकी थोडी कमी आणि किंमत अधिक, म्हणून दुकानदार ते ठेवावयास कचरतो. चार घरांनी लग्नाच्या बस्त्यात आग्रहाने मागितले, तर तोही मागवील. पूजेच्या वस्त्राला तर एवढीही अडचण नाही. इचलकरंजीचे सुती धोतर कोणत्याही दुकानात मिळते.