दहा गुंठे हौसेचे, पण हिशोबाचे
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



शहरातला पगारदार माणूस गावाकडे दोन एकरांचा तुकडा घेतो, तारेचे कुंपण करतो, बोअर मारतो, आंब्याची कलमे लावतो आणि त्याला ‘हौसेची शेती’ म्हणतो. आपण त्याला हसतो. त्याच्या शेतीतला तोटा पगारातून भरून निघतो. आपला तोटा भरायला घरधनिणीच्या गळ्यातले डोरले तेवढे असते, आणि तेही एकदाच मोडता येते. हा फरक आम्ही विसरलेलो नाही. तरीही आमचे सांगणे आहे की, कोरडवाहू कास्तकारानेसुद्धा दहा गुंठे हौसेचे राखावेत.

का? पऱ्हाटीच्या वावरात आपल्याला चुकायची मोकळीक नाही. बियाणे उधारीचे, खत उधारीचे, वर सोसायटीचे कर्ज. एक हंगाम हुकला की वर्ष गेले. ज्याला चूक परवडत नाही त्याला प्रयोगही परवडत नाही. मग दुकानदार देईल ते वाण आणि तो सांगेल ते औषध. दहा गुंठे म्हणजे एकराचा चौथा हिस्सा. तेवढ्यात फसले तर घर बुडत नाही. साधले तर पुढच्या साली एकरावर नेता येते.

ही गोष्ट आपल्या चळवळीला नवी नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती असा चतुरंग कार्यक्रम मांडला. त्यातली सीताशेती म्हणजे घरच्या लक्ष्मीने छोट्या तुकड्यावर आपल्या अकलेने करायची प्रयोगाची शेती. प्रयोग परिवाराचे श्रीपाद दाभोळकर तर दहा गुंठ्यांत कुटुंबाची गरज कशी भागेल, हेच आयुष्यभर सांगत राहिले.

पण एक गोष्ट आधी स्पष्ट करू. हा तुकडा भावाच्या लढाईला पर्याय नाही. “भाजी लावा, कोंबड्या पाळा, सुखी व्हा” असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना विचारा, घरच्या वांग्यांनी सोसायटीचे कर्ज फिटते का? कापसाचा भाव पडलेला असेल तर दहा गुंठे काय, दहा एकरांनीही फिटत नाही. तुकडा राखायचा तो हाताला शिकवण्यासाठी, ताटात भाजी-डाळ येण्यासाठी आणि हिशोबाची सवय लागण्यासाठी.

आता सुरुवात कशी करायची ते पाहू.

जागा घराजवळची किंवा विहिरीजवळची घ्या. जिथे सकाळ-संध्याकाळ नजर जाते तीच जागा खरी. पहिल्या साली कर्ज नाही, बोअर नाही, ठिबक नाही. आधी काटेरी कुंपण घाला. रोही, रानडुक्कर आणि आपलीच शेळी यांच्यापुढे कुठलाही प्रयोग टिकत नाही.

मग पाणी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. तेव्हा १०० मिलिमीटर पावसात या तुकड्यावर एक लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर! ते धुऱ्याबाहेर जाऊ देऊ नका. उताराला आडवे सरे पाडा, खालच्या कोपऱ्यात खड्डा घ्या आणि काडीकचऱ्याने जमीन झाकून ठेवा. मात्र पऱ्हाटीच्या काड्या तशाच पसरू नका. त्यांच्यावरच्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी अळी दडून बसते. मोरीचे सांडपाणी लिंबू आणि कढीपत्त्याच्या बुडाशी सोडा.

मृगाच्या पावसावर धुऱ्याने शेवगा आणि हदगा लावा, आतून तुरीची एक ओळ घ्या. मधे मूग, चवळी, गवार, वांगी, मिरची पेरा-लावा. दोडके, कारले कुंपणावर चढवा. मूग साठ-सत्तर दिवसांत निघतो. त्या जागी मेथी, सांबार आणि ओल असेल तर हरभरा येतो. भेंडी आणि अंबाडी कपाशीच्याच कुळातल्या आहेत. किडी दोन्हीकडे फिरतात, म्हणून त्या थोड्याच लावा आणि हंगाम संपताच उपटा. पहिल्या साली सगळेच करू नका. दोन गुंठ्यांची भाजी नीट आली तरी पुष्कळ झाले.

फवारणीचे बोलू. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष ताटातल्या भाजीवर नको. तणनाशकाचा पंप तर या तुकड्यात आणूच नका. अर्धा किलो वाळल्या निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, थोडा साबणचुरा घाला आणि पाणी मिसळून दहा लिटर करा. हा अर्क कीड थोडी असतानाच मारायचा. कीड माजल्यावर त्याचा उपयोग कमी.

आणि शेवटी वही. तिच्यात तीन रकाने करा: रोख खर्च, घरच्या माणसांची मजुरी आणि घरात आलेला माल. मजुरी गावच्या दराने लिहा, मालाची किंमत बाजारभावाने धरा. २०१८ सालापासून केंद्र सरकार हमीभाव ‘दीडपट’ म्हणते, तो रोख खर्च आणि घरची मजुरी यांच्या दीडपट. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज त्यात धरलेले नाही. दहा गुंठ्यांचा हिशोब ज्या घरात लिहिला जातो, त्या घराला ही लबाडी समजावून सांगावी लागत नाही. उद्या तीच वही पऱ्हाटीची होईल आणि सरकारी आकड्यापुढे आपला आकडा उभा राहील.

वही कोणी लिहायची? घरच्या बाईने. बी कुठले पेरायचे, शेवग्याच्या शेंगा विकायच्या की शेजारी वाटायच्या, हे तिनेच ठरवायचे. लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. ज्यांच्या घरी ते राहिले आहे, त्यांनी या दहा गुंठ्यांपासून सुरुवात करावी. राबणारे हात तिचे आणि सातबारा नुसता आपल्या नावाचा, हे ठेवून सरकारकडे न्याय कोणत्या तोंडाने मागणार?

पुढच्या मेळाव्याला येताना भाकरी बांधून आणाल, तशी ही वहीही आणा. प्रत्येक तालुक्यातून निदान दहा वह्या याव्यात, एवढेच मागणे आहे. कोणाचे काय फसले आणि कोणाचे काय साधले ते इथेच वाचू.

भीक नको, हवे घामाचे दाम!