नायकाचा सखा

संस्कृत नाटकांतील प्रेमाविषयी बोलू लागले की नायक आणि नायिका ही दोनच पात्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. विदूषक म्हणजे मोदकांचा लोभी, हशा पिकविणारा एक ब्राह्मण, आणि सख्या म्हणजे नायिकेला वारा घालणाऱ्या दोघी मुली, एवढ्यावरच आपण त्यांची बोळवण करितो. माझे संस्कृत मॅट्रिकपुरतेच. पुढे जे वाचले ते भाषांतरांच्या आधाराने. परंतु वारंवार वाचताना मला असे दिसून आले की, या नाटकांत प्रणयाचे भवितव्य पुष्कळ वेळा मित्रांच्या हाती असते. आणि मित्राला काय सांगितले व काय लपविले, यावर ते अवलंबून राहते.

प्रथम शाकुंतल घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ते संगीतरूपाने पुण्यात रंगभूमीवर आणिले, तेव्हापासून ते मराठी घराघरांत परिचयाचे झाले आहे. दुसऱ्या अंकात दुष्यंत आपले मन माधव्यापाशी उघडे करितो. इतक्यात राजमातेचा निरोप येतो. राजा स्वतः न जाता माधव्याला राजधानीस पाठवितो, आणि हा बोलका ब्राह्मण अंतःपुरात सर्व सांगून टाकील या भीतीने, मघाचे बोलणे केवळ थट्टेचे होते, असे त्यास बजावतो. भोळ्या मित्राने ते खरे मानिले. पुढे शापाने राजाची स्मृती नष्ट झाली, तेव्हा त्याला आठवण देऊ शकणारा एकच मनुष्य राजवाड्यात होता; पण त्याचे तोंड राजाने आधीच बंद करून ठेविले होते. सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर राजा त्यालाच विचारतो की, तू मला आठवण का दिली नाहीस? माधव्याचे उत्तर साधे आहे: ती थट्टा होती असे आपणच सांगितलेत. या उत्तरावर प्रेक्षागृहात हशा होतो. मला मात्र तेथे हसू येत नाही.

दुसरे मौन आश्रमातले. दुर्वासाचा शाप शकुंतलेच्या कानी गेला नाही; तो अनसूया आणि प्रियंवदा यांनी ऐकला, आणि सखीचे कोमल मन दुखावू नये म्हणून दोघींनी तो आपल्यापाशीच ठेविला. निघताना एवढेच सांगितले की, राजाने ओळखण्यास विलंब केला तर अंगठी दाखव. त्या अंगठीवर आपला सारा संसार अवलंबून आहे हे शकुंतलेला कळले असते, तर तीर्थाच्या पाण्यात हात घालताना तिने ती जिवापाड जपली नसती काय? राजाने मित्रापासून लपविले ते संकोचाने, सख्यांनी लपविले ते मायेने. भोगावे लागले शकुंतलेला.

मृच्छकटिकात सर्व उलट आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत आणिलेल्या या शूद्रकाच्या नाटकात चारुदत्त मैत्रेयापासून काहीच लपवीत नाही. चारुदत्ताची संपत्ती गेली तेव्हा इतरांचा स्नेह सैल झाला. मैत्रेय मात्र दिवसा कोठेतरी पोट भरून रात्री मित्राच्याच घरी मुक्कामाला येतो. वसंतसेनेचा नाद त्याला मुळीच पसंत नाही. तिच्या आठ चौकांच्या वाड्यातून परतल्यावर, तिने साधे पाणीसुद्धा विचारले नाही, अशी तक्रार तो करितो आणि गणिकेचा संग सोड म्हणून मित्राला तोंडावर सांगतो. तरी धूतेची रत्नमाला त्या वाड्यावर पोहोचती करणारा तोच! मनाविरुद्ध असलेले मित्राचे काम चोख करणे, हे मला शंभर स्तुतिवचनांहून मोठे वाटते.

या बिचाऱ्याच्या हातून दागिने दोनदा जातात. प्रथम झोपेत बरळत तो सुवर्णपेटी चोराच्या, म्हणजे शर्विलकाच्या, हाती आपण होऊन देतो. दुसऱ्यांदा, लहानग्या रोहसेनाच्या मातीच्या गाड्यात वसंतसेनेने घातलेले अलंकार तिला परत करण्यास तो निघालेला असताना, मित्राला न्यायसभेत नेल्याची वार्ता त्याला कळते. तो तेथे धावतो, शकाराशी भांडतो, आणि झटापटीत तेच अलंकार त्याच्या काखेतून सर्वांदेखत खाली पडतात. वसंतसेनेच्या खुनाचा पुरावा पुरा झाला! मित्राची बाजू घेण्याच्या आवेशातच मित्र सुळाच्या वाटेस लागला. त्या क्षणी चारुदत्त दैवाला दोष देतो, मैत्रेयाला एका शब्दानेही नाही. शूद्रकाने सख्याची जी कसोटी लाविली आहे, तिला याहून अवघड प्रसंग मला ठाऊक नाही.

आणि शर्विलक? ज्या मदनिकेच्या सुटकेसाठी त्याने घर फोडले, ती वधू होऊन गाडीत बसते न बसते तोच, आर्यकाला पालक राजाने बंदीत टाकिल्याची वार्ता येते. तो गाडीतून उतरतो. मदनिकाही त्याला अडवीत नाही. मला वडीलधाऱ्यांकडे पोहोचवा, इतकेच म्हणते. त्या उतरण्यातूनच आर्यक सुटतो, चारुदत्ताच्या गाडीत आश्रय पावतो, राजा होतो, आणि अखेरीस वसंतसेनेला वधूपद देतो.

दहाव्या अंकात चांडाळांसमोर मैत्रेय म्हणतो की, मित्राला सोडा, मला मारा. पुढे संकट टळते आणि बक्षिसे वाटली जातात: भिक्षूला विहारांचे आधिपत्य, चंदनकाला दंडाधिकार, स्थावरकाला दास्यातून मुक्ती. मैत्रेयाला काय द्यावे, हे कोणी विचारीत नाही, आणि तोही काही मागत नाही.