केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवून टक्कर टळत नाही
(रेल्वे कामगारांच्या सुरक्षा अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय विमानांचा आहे. आपण रुळांवरची माणसे, आपला आकाशाशी काय संबंध, असे कुणीही विचारील. पण एका वाटेवर दोन वाहने आली की प्रश्न सगळीकडे एकच असतो. टक्कर टाळण्याची जबाबदारी कुणाची? एकट्या माणसाच्या डोळ्यांची, की व्यवस्थेची?

आपल्या ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीत एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी असते. पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही. ड्रायव्हर समोर बघून गाडी थांबवील, असे आपण धरून चालत नाही. लहान खासगी विमानांची रीत मात्र वेगळी आहे. हवा स्वच्छ असेल तर वैमानिकाने दुसरे विमान स्वतः पाहायचे आणि टाळायचे, हाच मुख्य नियम.

यात अडचण अशी की, जे विमान नेमके आपल्यावर येऊन आदळणार असते, ते काचेत एकाच जागी ठिपक्यासारखे दिसत राहते. ते सरकत नाही, म्हणून नजर खेचत नाही. शेवटच्या काही सेकंदांत ते एकदम मोठे होते. दिसल्यापासून ओळखून, ठरवून, विमान वळेपर्यंत सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमान खात्याचेच मार्गदर्शन सांगते. तेवढा वेळ मिळतो कुठे?

८ ऑगस्ट २००९ रोजी न्यूयॉर्कला हडसन नदीवर हेच घडले. केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क या तीन मोठ्या विमानतळांच्या मधोमध, नदीवरून कमी उंचीवर लहान विमाने आणि हेलिकॉप्टर जात. एक पायपर विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले. नऊ माणसे गेली. त्या वेळी टीटरबोरोच्या टॉवरमधला कंट्रोलर फोनवर खासगी बोलत होता. ती चूकच होती, ती आपण झाकणार नाही. पण चौकशी मंडळाने पहिले कारण कोणते लिहिले? ‘पाहा आणि टाळा’ या पद्धतीच्या मूळच्याच मर्यादा. कंट्रोलरचा फोन दुसऱ्या क्रमांकावर आला. आपल्याकडे किती चौकश्यांत असा क्रम लागतो, ते तुम्हीच सांगा.

त्यानंतर नोव्हेंबर २००९ मध्ये नियम बदलले. नदीवरून सरळ पुढे जाणाऱ्यांनी १,००० ते १,३०० फूट उंचीवर राहायचे, तिथल्या तिथे फिरणाऱ्यांनी १,००० फुटांच्या खाली. उत्तरेकडे जाणारे पूर्व काठाने, दक्षिणेकडे जाणारे पश्चिम काठाने. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपली जागा बोलून सांगायची, दिवे लावायचे, वेग आवरायचा. आपल्या भाषेत सांगायचे तर अप आणि डाऊन लाइन वेगळ्या केल्या. पण त्यासाठी नऊ जीव जावे लागले.

त्याआधी ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे असाच अपघात झाला होता. एक लहान पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित हद्दीत शिरले आणि एरोमेक्सिकोच्या प्रवासी विमानावर आदळले. जमिनीवरच्या पंधरा जणांसह ८२ माणसे मेली. पायपरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, पण तो उंची कळवणारा नव्हता. पुढे मोठ्या विमानतळांच्या भोवती उंची कळवणारे यंत्र सक्तीचे झाले आणि प्रवासी विमानांत टक्करसूचक यंत्र बसवणेही सक्तीचे झाले. आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीला दोन मोठी विमाने आदळून ३४९ माणसे गेली. असे यंत्र इथेही त्यानंतरच सक्तीचे झाले.

आता माणसांविषयी. यंत्र आले म्हणून माणसे कमी करा, असे कुणी म्हणू लागले तर २९ जानेवारी २०२५ आठवा. वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर आदळून ६७ माणसे गेली. त्या रात्री टॉवरमध्ये विमाने आणि हेलिकॉप्टर ही दोन्ही कामे एकच कंट्रोलर पाहत होता. हेलिकॉप्टरचा मार्ग आणि विमानाची उतरण्याची वाट यांत काही ठिकाणी उंचीचे अंतर अवघे ७५ फूट राहू शकत होते. एवढ्या चिंचोळ्या वाटेवर दोघांचे काम एकावर टाकणे हा कारभाराचा प्रश्न आहे.

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या कंट्रोलरांनी ३२ तासांचा आठवडा मागितला आणि संप केला. सरकारने अकरा हजारांवर लोकांना कामावरून काढले. संघटना मोडता आली, पण थकव्याचा प्रश्न मोडता आला नाही. आपल्या सेक्शन कंट्रोलरला इंटेन्सिव्ह वर्गात आठवड्याला ४२ तास मिळाले, ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. डोक्यावरचा ताण मोजता येतो, हे पटवून घेऊन मिळाले.

‘कवच’ लवकर सगळीकडे बसावे, ही आपलीही मागणी आहे. पण त्याबरोबर रिक्त जागा भरा, विश्रांती द्या, हेही आपण मागितले पाहिजे. म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या विभागातल्या कंट्रोलर, स्टेशन मास्तर आणि लोको पायलट यांच्या रिक्त जागा व प्रत्यक्ष ड्युटीचे तास लिहून आणावेत. पुढच्या पीएनएम बैठकीत तो कागद साहेबांच्या टेबलावर गेला पाहिजे.